माझ्या तोंडावरचं झाकण

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका. डबा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर डाळ येते, तांदूळ येतात, फार तर शिवणाच्या सुया येतात. माझ्यात यांपैकी काहीही नाही. माझ्या कुशीला एक भोक आहे आणि त्या भोकातून आत आलेला तांब्याच्या तारेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आहे. त्या तुकड्याच्या जोरावर मी दोन वर्षं बोलत होतो आणि ऐकत होतो. मग माझ्या तोंडावर झाकण बसलं. ते कोणी बसवलं आणि त्यापायी कोणाचं काय गेलं, ते आज सांगतो. गोष्ट गोड नाही. सुरुवातीला माझ्यात दुधाची पावडर होती, तेवढाच काय तो गोडवा.

आम्ही दोघं भाऊ. एकाच पत्र्यातून कापलेले, यंत्रातून एकापाठोपाठ एक पडलेले. दोघांच्याही पोटावर एकेक गाय छापलेली होती. ती गाय इतकी प्रसन्न हसायची की जणू सगळ्या जगाची न्याहारी तिच्याच जिवावर चालली आहे. दुकानातून आम्हाला आणलं ते रेडिओकाकांनी. त्यांचं खरं नाव सगळे विसरले होते. आधी ते रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग पंखे आणि शेवटी लोक आणतील ते. काकांचा स्वभाव असा की कुठलीही वस्तू फेकायची नाही, 'उपयोगी पडेल' म्हणून ठेवायची. काकूंचा स्वभाव असा की कुठलीही वस्तू उघडी ठेवायची नाही. "उघडा डबा आणि उघडं तोंड, दोन्हींत माश्याच जातात," असं त्या म्हणत. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या एका खणात नुसती झाकणं होती. डबे मोडून गेले तरी झाकणं राहायची. आमची पावडर संपल्यावर काकांनी आम्हाला माळ्यावर ठेवलं आणि काकूंनी आमची झाकणं त्या खणात ठेवली. तेव्हाच मला काही सुचायला हवं होतं, पण रिकाम्या डब्याला कुठली एवढी अक्कल!

काकांना एक थोरली बहीण होती. सहा वर्षांनी मोठी, गणिताची निवृत्त शिक्षिका. तिचं घर आमच्या गच्चीवरून दिसायचं. मध्ये रस्ता, रस्त्यापलीकडे मोकळं मैदान आणि मग ताईचं घर. मोजून तीनशे पावलं. ही तीनशे पावलं काका नऊ वर्षं चालले नव्हते.

त्याचं कारण असं. ताईचे यजमान गेले तेव्हा काका दुसऱ्या गावी एका गिरणीचा भोंगा दुरुस्त करायला गेले होते. निरोप पोचला तिसऱ्या दिवशी. धावतपळत आले, तर ताई दारातच उभी. "सगळं आटोपल्यावर आलास. नेमक्या वेळी तू नसतोसच. आता माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

दुसरा कोणी असता तर महिन्याभराने पुन्हा गेला असता, चार शिव्या खाल्ल्या असत्या, दोघं रडली असती आणि प्रकरण मिटलं असतं. पण आमचे काका नकाशा समोर ठेवून तारा जोडणारे. जिथे जे लिहिलं असेल तिथे तेच जोडायचं. ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि ती रेघ काकांनी आपल्या हाताने आणखी खोल करून घेतली.

दोन्ही घरांत जाणारा एकच माणूस होता, इस्त्रीवाला. दोन्हीकडचे कपडे त्याच्याकडे असत आणि बातम्याही. एका दुपारी तो घड्या खाली ठेवता ठेवता म्हणाला, "भाऊ, बाई पडल्या होत्या ना, गुडघा अजून धड नाही. तरी रोज संगणक मांडीवर घेऊन गच्चीच्या जिन्यात बसतात. मुलींना गणित शिकवतात त्यावरून. घरात नेटच येत नाही म्हणे. मागे ते पत्र्याचं गोदाम आहे ना, त्याने सगळं अडतं. तारवाले रस्ता ओलांडून यायला तयार नाहीत."

काकांनी हातातलं काम बाजूला सारलं. घटकाभरात त्यांनी आम्हा दोघांना माळ्यावरून उतरवलं, धूळ पुसली आणि फूटपट्टी घेऊन बसले. काकूंनी विचारलं, "हे काय आता?"

"आपलं नेट तिच्या खिडकीपर्यंत पोचवतो."

"अहो, मग सरळ जा ना तिच्याकडे! तीनशे पावलं तर आहेत."

"ती म्हणाली होती, पाऊल टाकू नकोस. लहरींना पाय नसतात."

"धन्य आहात. स्वतः जाणार नाही, डबे पाठवणार."

"तिने बोलावलं तर जाईन," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की काकूंनी पुढे काही विचारलं नाही.

मित्रांनो, मला घडवायला काकांना चार दिवस लागले. बुडापासून किती अंतरावर भोक पाडायचं, तार आत किती शिरवायची, सगळं हिशेबाचं काम. काडीएवढी तार जास्त झाली तरी डबा बहिरा होतो. आमच्याआधी बिस्किटांचा एक डबा त्यात बळी पडला. माझ्या कुशीत भोक पाडायचा सामता फिरला तेव्हा मी किंचाळलो, पण कथलाचा डाग लावून तार पक्की बसली आणि वायर जोडली गेली, तेव्हा पहिल्यांदा मला ऐकू आलं. सगळी हवा बोलत असते हो! तुम्हाला कल्पना नाही. तोंड ज्या दिशेला, तिकडचं सगळं मला ऐकू यायचं आणि माझं तिकडे पोचायचं. कालपर्यंत पावडर भरून बसलेल्या डब्याला आणखी काय हवं?

आता इथे नीट लक्ष द्या. पाऊस आणि धूळ आत जाऊ नये म्हणून काकांनी माझ्या तोंडावर प्लॅस्टिकची एक पातळ चकती लावली. प्लॅस्टिकमधून लहरी आरपार जातात, पत्र्यातून जात नाहीत. त्या चकतीला काका 'झाकण' म्हणायचे. चकती म्हणाले असते, पडदा म्हणाले असते, काहीही म्हणाले असते तरी मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

मला पाण्याच्या टाकीवरच्या खांबाला ताईच्या घराकडे तोंड करून बांधलं. माझा भाऊ इस्त्रीच्या गठ्ठ्यातून तिकडे गेला. ताईने त्याला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "त्याला सांग, मला कोणाचे उपकार नकोत."

इस्त्रीवाला परत आला. काका म्हणाले, "सांग, उपकार नाहीत, डबा आहे."

दोन दिवस माझा भाऊ टेबलाखाली पडून होता. तिसऱ्या दिवशी शिकवणी ऐन रंगात आली असताना जिन्यातलं नेट गेलं, आणि ताईने मुकाट्याने त्याला खिडकीत लावायला सांगितलं. पण इस्त्रीवाल्याने तो आडवा लावला. आम्हा दोघांच्या तारा एकसारख्या उभ्या हव्यात, नाहीतर एकमेकांचं ऐकू येत नाही. त्या दिवशी इस्त्रीवाला मैदान चार वेळा पळाला. "तुमचे भाऊ म्हणतात, तारेचं टोक उभं पाहिजे." "उभंच तर आहे!" "नाही बाई, ते झोपलंय." शेवटी तो मैदानाच्या मधोमध थांबून ओरडला, "तुम्ही दोघं एकमेकांशी बोला ना हो! माझी इस्त्री तिकडे थंड होतेय!" दोघांनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नेट जोडायला नाव लागतं आणि परवलीचा शब्द लागतो. काकांनी नेटला नाव दिलं, 'पाऊल नाही'. परवलीच्या शब्दासाठी निरोप पाठवला, "लहानपणी आई आपल्या दोघांना मिळून जे म्हणायची ते." ताईने जराही विचार न करता टाइप केलं, 'भांडकुदळ'. आणि आम्ही दोघे भाऊ तीनशे पावलांवरून एकमेकांना सापडलो.

इकडे काकांच्या पडद्यावर जोडलेल्या यंत्रांची यादी दिसायची. त्यात एक नवं नाव आलं, 'गणित'. ताईच्या संगणकाचं नाव. काका त्या नावाकडे पाहतच बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेटचं नाव बदललं, 'गुडघा कसा'.

ताई चिडली. नाव बदललं की तिला नव्याने जोडावं लागे, पुन्हा 'भांडकुदळ' टाइप करावं लागे. पण तिसऱ्या दिवशी यादीत 'गणित' नव्हतं. तिथे होतं, 'बराआहे'. संगणकाच्या नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून तिची उत्तरं नेहमी एका दमात असत.

मग हे रोजचंच झालं. काका विचारत, 'औषध घेतलं'. उत्तर येई, 'चोंबडेपणानको'. काका लिहीत, 'जेवलीस का'. उत्तर येई, 'तूआधीजेव'. नेटच्या नावात पाच-दहा अक्षरंच मावतात. नऊ वर्षांचं भांडण त्या पाच-दहा अक्षरांत बसेना, म्हणून ते बाहेरच राहिलं. एकदा काकांनी लिहिलं, 'आठवतं का'. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'सगळंच'. ते चांगलं की वाईट, यावर काका आणि काकूंची दिवसभर चर्चा झाली.

मला तेव्हा फार मान होता, मित्रांनो. शेजारीपाजारी गच्चीवर येऊन मला बघत. कोणी म्हणे, "डब्यातून नेट? वा!" एका वायरमनने माझा फोटो काढला. माझ्यातून बीजगणित जाई, भूमिती जाई, मुलींचं खिदळणं येई. पण खरं सांगतो, मी दिवसभर वाट पाहायचो ती त्या एका शब्दाची.

दोन वर्षांनी काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. शस्त्रक्रियेला जायचं ठरलं. त्याच सुमारास उन्हाने माझ्या तोंडावरची चकती तडकली आणि एका कावळ्याने तिचा तुकडा पाडला.

निघायच्या दिवशी सकाळी काकांनी नेटचं नाव बदललं. लिहिलं, 'ताई येऊ का'.

काकूंनी खांद्यावरून वाचलं. "अकरा वर्षं लागली! शेवटी एकदाचं सुचलं!" त्यांनी डोळ्यांना पदर लावला. काका लाजले. निघताना अंगणातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "झाकण फुटलंय. आल्यावर बदलतो."

बस्स. एवढंच वाक्य.

काकूंनी दवाखान्यात मुक्कामाला लागणाऱ्या वस्तू घ्यायला म्हणून मागे थांबायचं ठरवलं होतं. काका पुढे गेले आणि काकूंच्या मनात आलं, डोळा बांधलेला माणूस शिडीवर कसा चढणार? आपणच करून टाकू. त्यांनी तो खण उघडला. शेकडो झाकणांत त्यांना माझं झाकण बरोबर सापडलं. माझं स्वतःचं, जन्माचं, पत्र्याचं. गुडघे दुखत असताना त्या शिडी लावून टाकीवर चढल्या. मला ओल्या फडक्याने पुसलं, चकतीचे तुकडे काढले आणि झाकण दाबून बसवलं. टक् असा आवाज झाला. फटीत मेण भरलं. भिंतींचा उरलेला पिवळट रंग होता, तो झाकणासकट सगळ्या अंगाला फासला. गायसुद्धा रंगाखाली गेली. खाली उतरून त्यांनी समाधानाने पाहिलं आणि डबा घेऊन, म्हणजे जेवणाचा डबा घेऊन, दवाखान्यात गेल्या.

तुमचं तोंड कोणी प्रेमाने दाबून धरलंय का कधी? नसेल, तर तुम्हाला कळणार नाही. माझाच आवाज माझ्या पोटात घुमत राहिला. बाहेर ऊन होतं, वारा होता, माझा भाऊ होता. मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

काका चौथ्या दिवशी घरी आले. डोळ्यावर पट्टी, आणि चपला काढायच्या आधी यादी उघडली. ताईचं नाव नव्हतं.

"वर डबा ठीक आहे ना?"

"ठणठणीत आहे."

"झाकण?"

"बसवलं मी. तुम्ही म्हणाला होतात ना, फुटलंय म्हणून? आता पाण्याचा थेंब आत जायचा नाही."

"तू चढलीस वर?" काकांना कौतुक वाटलं. त्यांना वाटलं, हिने प्लॅस्टिक बदललं. डॉक्टरांनी सहा महिने शिडी चढायची नाही म्हणून बजावलं होतं. त्यांनी अंगणातून एका डोळ्याने वर पाहिलं. मी जागच्या जागी होतो, तोंड ताईकडेच होतं, वर नवा रंग. म्हणजे डब्यात दोष नाही. म्हणजे ताईनेच बंद केलं. येऊ का विचारल्यावर तिने खिडकीच मिटली.

नवल वाटतं ना? आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांतला बिघाड शोधणाऱ्या माणसाने इथे आधी बहिणीतला बिघाड शोधला.

दुसऱ्या दिवशी काकांनी नाव ठेवलं, 'रागावलीस'. मग 'ताई बोल'. ते सगळे शब्द माझ्यापर्यंत येत आणि झाकणावर आपटून माझ्याच बुडाशी पडत. पंधरा दिवसांनी त्यांनी लिहिलं, 'बरं नाही येत'. त्यानंतर नाव बदललं नाही. कंपनीने दिलेले आकडे होते तेच परत लावले.

इस्त्रीवाल्याला वास आला होता. त्याने इकडे विषय काढला, तर काका म्हणाले, "त्या घरचं माझ्यापुढे काही बोलायचं नाही." तिकडे काढला, तर ताई म्हणाली, "त्या घरचं मला काही सांगायचं नाही." एकाच आईची लेकरं, वाक्यसुद्धा एकच. तो बिचारा दोन्हीकडे नुसत्या घड्या ठेवून जाऊ लागला.

नेट नाही म्हणून मुली हळूहळू दुसरीकडे शिकायला गेल्या. चार महिन्यांनी ताईची लेक तिला आपल्या शहरी न्यायला आली. गाडी आमच्या फाटकासमोरूनच गेली, आणि फाटकासमोर थोडी थांबली. काका फाटकात उभे होते. ताईने आधी वर माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. काकांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि ते थांबले. मित्रांनो, ते ताईचं दार नव्हतं, रस्ता होता. रस्त्यावर पाऊल टाकायला त्यांना कोणीही मनाई केली नव्हती. गाडी निघून गेली.

पुढच्या वर्षी इस्त्रीवाला आला तो कपड्यांशिवाय. दारातच म्हणाला, "भाऊ, बाई गेल्या. लेकीने घर रिकामं करायला मला बोलावलं होतं. हे तुमचं होतं, म्हणून आणलं." त्याने माझ्या भावाला ओट्यावर ठेवलं आणि डोळे पुसत निघून गेला. काका ओट्यावर बसून राहिले. या वेळीही त्यांना निरोप उशिराच मिळाला होता.

त्यानंतर महिन्याने टाकी बदलायला माणसं आली. त्यांनी मला खांबावरून सोडवलं आणि खाली काकूंच्या हातात दिलं. काकूंनी मला वाजवून पाहिलं, कानाशी धरून हलवलं आणि कौतुकाने काकांपुढे धरलं.

"बघा! एवढे दिवस उन्हापावसात होता, पण आत थेंब गेला नाही."

काकांचे आता दोन्ही डोळे चांगले होते. त्यांनी मला हातात घेतलं. अंगठा माझ्या तोंडावरून फिरवला. नखाने रंग खरवडला. खाली मेण, मेणाखाली पत्रा. त्यांनी पत्र्यावर टिचकी मारून पाहिली, पुन्हा मारून पाहिली.

"काय झालं हो?"

काका म्हणाले, "काही नाही. तू म्हणतेस ते खरं आहे. आत काहीच गेलं नाही."

त्यांनी काकूंना सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही. पेचकस घालून झाकण काढलं ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं, ते अजून तिथेच असतं. काकू अधूनमधून विचारतात, "या डब्याचं झाकण कुठे गेलं?" काका मान हलवतात. एका झाकणाने बहीण गेली, आता हे दुसरं झाकण ते स्वतःच्या तोंडावर लावून बसले आहेत. मला काकूंचा राग येतो आणि त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांची आठवण आली की तोही धड येत नाही. मला फार छळलं म्हणून मी मुका झालो नाही, मित्रांनो. मला जपलं म्हणून झालो.

आता आम्ही दोघं भाऊ कामाच्या टेबलावर शेजारी शेजारी आहोत, दोघांची तोंडं उघडी. पहिल्याच दिवशी मी त्याला विचारलं, "त्या सकाळी तिकडे काय झालं?"

तो म्हणाला, "तिने शिकवणी कशीबशी संपवली, तुटलेलं नेट पुन्हा जोडायला घेतलं आणि नाव वाचलं. 'ताई येऊ का'. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. हसली. मग संगणकाचं नाव बदललं. नाव बदललं की तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो ना, आणि तिचा संगणक तिच्याएवढाच म्हातारा. तो सुरू होईपर्यंत तिने खुर्चीवरची पुस्तकं उचलली, तुझ्या काकांना बसायला जागा केली. पडदा उजळला तेव्हा यादीत तुझं नेट नव्हतं. ती संध्याकाळपर्यंत त्याच्यासमोर बसून होती. मग एवढंच म्हणाली, नेमक्या वेळी हा नसतोच."

"आणि नाव काय ठेवलं होतं तिने?"

माझ्या भावाने सांगितलं. ते नाव तिने नंतर कधी बदललं नाही, शेवटपर्यंत तेच होतं.

मित्रांनो, आम्हाला हे ठाऊक आहे आणि काकांना नाही. ते रोज सकाळी आमच्यासमोर बसून चहा पितात आणि आम्ही रोज सकाळी ओरडतो, पण वायर तुटलेल्या डब्यांचं कोण ऐकणार? वस्तूंना तेल लावा, रंग लावा, जरूर जपा, पण आधी ज्याची वस्तू त्याला विचारा. आणि आपलं कोणी अचानक बोलेनासं झालं, तर चार पावलं चालून जा आणि मध्ये कुठे झाकण तर बसलं नाही ना, ते बघून या.

तुम्हाला पाय आहेत, म्हणून एक काम सांगतो. मोकळ्या मैदानासमोर, फाटक असलेल्या एखाद्या घराच्या ओट्यावर खिसा चाचपत बसलेला म्हातारा तुम्हाला कधी दिसला, तर त्याच्यापाशी जा. काकूंना ऐकू जाऊ देऊ नका. त्याच्या कानात एवढंच सांगा, की ताईने उत्तर दिलं होतं. तिने लिहिलं होतं, 'ये'.